आळीपाळीचा लिलाव

"साहेब, काटा तुम्ही तपासता. मग भाव कोण तपासतं?"

विचारून झालं आणि ट्रूडी वोपातनं हळूच वळून पाहिलं. मागे कुंपणावर बसलेली तिची मैत्रीण डार्सी तोंड दाबून खिदळत होती. "दम असेल तर त्या सरकारी माणसाला विचारून दाखव," असं तिनंच सकाळी डिवचलं होतं. गेल्या वर्षीची ट्रूडी गुरांमागे लपली असती. पण यंदा ती सोळाची होती, आणि स्वतः बाटलीनं दूध पाजून वाढवलेला तिचा गोऱ्हा आज लिलावाला उभा होता.

लिलावघराच्या काट्यावर लोखंडी वजनं चढवणारे हाल्डरसन साहेब थांबले. "का गं? भावाचं काय झालं?"

"चला, दाखवते!"

तिनं त्यांना रिंगणाच्या सगळ्यात वरच्या बाकावर नेलं. खाली मांस कंपन्यांचे दोन खरेदीदार बसले होते, एक लाल टोपीवाला, एक करड्या टोपीवाला. सहा गुरं आत आली. लाल टोपीनं बोट उचलून बोली लावली. करडी टोपी सफरचंदाचा केक खाण्यात गुंग.

"आता करडी," ट्रूडी कुजबुजली.

पुढच्या खेपेला करडीनं बोट उचललं. लाल टोपी चष्मा पुसत बसली.

"आता लाल."

लालच! साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"कधीपासून बघतेस?"

"सुट्टी लागल्यापासून. सात गुरुवार. एकदा तर स्वतःच्या पाळीलाच लाल टोपी बाहेर गेली होती, तर करडीनं बोटच उचललं नाही. लिलाववाला ओरडून ओरडून दमला, शेवटी गुरं परत गेली. मजाच की नाही?"

"मजा कसली! असं ठरवून पाळ्या लावल्या की भाव चढतच नाही. कायद्यानं बंदी आहे याला, पोरी."

"मग पकडा ना!"

"मी एक दिवस पाहिलं तर योगायोग म्हणतील. ज्याचं जनावर विकलं गेलं, त्यानं नाव-गाव देऊन सांगायला हवं. अकरा वर्षं येतोय मी इथं. एकानंही तोंड उघडलेलं नाही."

का बरं? ट्रूडीला काही केल्या उलगडेना. एवढी साधी गोष्ट कोणाच्याच कशी लक्षात आली नसेल? तेवढ्यात तिचा गोऱ्हा रिंगणात आला. करडीची पाळी होती. एक बोट उठलं, हातोडा पडला, गोऱ्हा गेला. डार्सी वर येऊन तिचा हात धरून उभी होती. ती आता हसत नव्हती.

लिलावघराच्या खानावळीत आईबाबा जेवायला बसले होते. ट्रूडीनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, लाल, करडी, सात गुरुवार. बाबा चकित होतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी पावावर रस्सा ओढला आणि आधी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं.

"हळू बोल. पुढच्या गुरुवारी आपली चाळीस गुरं आणायची आहेत. त्या दोघांनी बोटच उचललं नाही तर? नव्वद मैलांत तिसरं गिऱ्हाईक दाखव मला."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे गं," आई म्हणाली. "तू पाळण्यात होतीस तेव्हापासून."

ट्रूडीनं मोठा शोध लावला होता, आणि तो अख्ख्या गावाला पाठ होता! आजूबाजूच्या टेबलांवर सगळे खाली माना घालून जेवत होते. तिला राग यायला हवा होता. पण बाबा पुन्हा शेजारच्या टेबलाकडे चोरून बघताना दिसले आणि राग आलाच नाही. भीती खरी होती. चाळीस गुरं खरी होती. आणि तरीही.

"बाबा, गोऱ्हा माझ्या नावावर होता ना?"

"हो. मग?"

"मग तक्रारही माझ्याच नावानं. साहेब अजून गेलेले नाहीत, मी त्यांना लिहून द्यायला चालले. तुमचं नाव घालणार नाही. आडनाव मात्र तेच राहील, त्याला माझा इलाज नाही."