सतरा मार्चचा ठप्पा

प्रेमदासजींचा तारखेच्या ठप्प्यावर जेवढा भरवसा, तेवढा बायकोवरही नाही, असं लोक त्यांच्या माघारी म्हणत. खोटं नव्हतं ते. चौतीस वर्षं या माणसानं वर्ध्याच्या पोस्टात उभं राहून तिकिटांवर ठप्पे मारले. निवृत्तीनंतरही लिफाफा हाती आला की आधी ठप्पा वाचायचा, मग पत्ता. मजकूर राहिला तर राहिला. म्हणून तर हे सगळं झालं.

त्यांचा मुलगा रुपेश मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. मागल्या वर्षी कंपनीचा फोन आला, की चौदा मार्चला तो समुद्रात पडला, शोधूनही सापडला नाही. महिन्याभरानं त्याची बॅग घरी आली. तिच्यात एक कार्ड होतं. त्यावर "बाबा, तुमच्या आल्बमसाठी" एवढंच लिहिलेलं, आणि मार्लो नावाच्या कुठल्याशा चिमुकल्या बेटाचं तिकीट. दीपस्तंभाचं चित्र, कोपऱ्यावर गोल ठप्पा, सतरा मार्च.

झालं! चौदाला गेलेल्याच्या कार्डावर सतराचा ठप्पा कसा? प्रेमदासजी हट्टाला पेटले. सतराला पोरगा त्या बेटावरच्या पोस्टात उभा होता, म्हणजे कंपनीची चौदाची बात झूठ, आणि मेल्याचीही झूठ. कंपनीनं कानांवर हात ठेवले. मुलगी पौर्णिमा सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स. तिनं मोबाइलवर शोधून दाखवलं, की त्या बेटावर दीपस्तंभ, पक्षी आणि धक्क्यावरची एक टपरी, बाकी काही दिसत नाही. दिवा आहे तर लावणारा असणार, आणि माणूस आहे तिथं डाक जाणारच, असं म्हणून प्रेमदासजींनी तिला गप्प केलं. मग त्यांनी मार्लोच्या पोस्टमास्तरला पत्र लिहिलं, मीही आपल्याच खात्यातला म्हणून. पोस्टवाल्याचं पत्र पोस्टवाला फेकत नाही, ही त्यांची खात्री.

गेलेल्याच्या नावानं करायचा जलदान विधी त्यांनी अडवून धरला. भिंतीवर फोटो लावू दिला नाही. मेहुणे नत्थूजी गिरडहून दोनदा येऊन समजावून गेले, पण भिंतीशी बोलल्यासारखं झालं. रुपेशची आई सुलोचनाबाई आधी नवऱ्याशी कडाकडा भांडल्या. मग भांडण थांबलं. मग त्यांनी रुपेशची खोली रंगवून घेतली, गादी नवी भरली. जाम गावाकडून एका मुलीचं स्थळ आलं, तर पोरगा आला की पाहू म्हणाल्या.

अकरा महिन्यांनी उत्तर आलं, शेजारच्या मोठ्या बेटावरून. लिफाफ्यावरचा ठप्पा तिरका, अर्धा तिकिटाबाहेर, शाई फाकलेली. तो पाहूनच प्रेमदासजींना बरं वाटलं. पौर्णिमानं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. मार्लोवर पोस्ट नाही, कधीच नव्हतं. ते तिकीट नव्हे, आठवण म्हणून न्यायचं लेबल. टपरीवर मिळतं. त्याच्यावर पत्र जात नाही, पत्राला आमचं खरं तिकीट लागतं. सतरा मार्चला तिथल्या सहलीच्या बोटी सुरू होतात, म्हणून ती तारीख चित्रासोबत आधीच छापून ठेवतात. लिहिणाऱ्या पोस्टमास्तरीणबाईंनी फार वाईट वाटल्याचं कळवलं होतं, आणि नमुन्याला तसंच एक लेबल जोडलं होतं.

प्रेमदासजींनी कार्ड आणून दोन्ही शेजारी ठेवली. दोन्हीकडे ठप्प्याची कड दीपस्तंभाच्या त्याच खिडकीवरून जात होती. लाखो ठप्पे मारले होते त्यांनी, दोन कधी एका जागी पडले नव्हते. हाताचा ठप्पा कागदात रुततो, बोटाला लागतो. वर्षभरात त्यांनी बोट फिरवून पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. कागद गुळगुळीत. त्यांना काहीच वाटलं नाही. रडू नाही, राग नाही. तहान लागली होती, पण उठावंसं वाटेना.

भंतेजींना विधीसाठी येत्या रविवारचं विचारून घे, असं त्यांनी पौर्णिमाला सांगितलं. गेल्याची तारीख चौदा सांगजो, म्हणाले.

सुलोचनाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मी तवाच रडून घेतलं असतं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ठप्पा खोटा नसते, असं तुमीच म्हटलं. वर्षभर तुमी त्याले जिता ठेवला. आता मले त्याले मारता येत नाई."

मग त्या कणीक मळायला आत गेल्या.

रविवारी विधी झाला. भंतेजी आले, नत्थूजी आले, पोस्टातली जुनी मंडळी आली. फोटोला हार घातला, सगळ्यांनी वंदना म्हटली. मग पंगत बसली आणि सुलोचनाबाई स्वतः वाढायला निघाल्या. भात वाढताना त्या एकेकाला सांगत होत्या, की रुपेशची बोट पावसाळ्याच्या आधी लागते, त्याच्या लग्नाले नक्की येजा. लोक मान खाली घालून हो म्हणत होते. त्या प्रेमदासजींसमोर आल्या, तेव्हा त्यांनीही हो म्हटलं आणि ताट पुढे केलं.