नरसाळं काढलंस का?

टेबलावर एक ब्युरेट, म्हणजे खाली तोटी आणि अंगावर आकडे असलेली उंच काचनळी, नमुना मोजून घ्यायचं एक पिपेट, काचेचं एक नरसाळं, चार फ्लास्क आणि पाण्याच्या नमुन्याची एक बाटली होती. नमुना चार फ्लास्कना पुरेल एवढाच. प्रत्येक फ्लास्कमध्ये ब्युरेटमधला द्राव थेंब-थेंब सोडायचा आणि लाल रंग निळा झाला की किती द्राव लागला ते वाचायचं.

"तीन वाचनं जुळली पाहिजेत," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या. "जुळली, तर शेवटचा पेपर झाला की इथं रुजू हो. नाही जुळली, तर चहा पिऊन जा."

चिमणीने मान डोलावली. उंची बेताची म्हणून घरचे तिला चिमणी म्हणत. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. मागच्या वर्षी वर्गाबरोबर ही पाणी तपासायची जागा बघायला आली, तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नव्हतं.

तिचा हात सफाईदार होता. खोड एकच. नरसाळं लावून ब्युरेट भरायची आणि ते तिथंच विसरायची. मग मागाहून त्यातून एखाद-दुसरा थेंब आत टपके आणि वाचन बिघडे. कॉलेजातले सर म्हणत, "तुझ्या ब्युरेटला थंडी वाजते का गं? सदान्‌कदा टोपी!"

शेवटी तिने कॉलेजातली टवका उडालेली जुनी ब्युरेट मागून आणली आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या गजाला बांधून सराव मांडला. दोन महिन्यांत अख्खं घर तयार झालं. बाबा बसचालक. ते म्हणाले, "हँडब्रेक सोडल्याशिवाय मी गाडी हलवतो का? तुझं नरसाळं म्हणजे हँडब्रेकच समज." ताई भरून झालं की हात पुढे करून उभी राही, "आण इकडे!" आणि आज चिमणी दाराबाहेर पडली, तेव्हा डबा घेतलास का, हे विचारायचं सोडून आई जिन्यातून ओरडली, "नरसाळं काढलंस का?" खालच्या मजल्यावरचे काका दचकून बाहेर आले.

पहिलं वाचन आलं अठरा पॉइंट चार. दुसरं, अठरा पॉइंट एक.

चिमणीने दोन्ही आकडे पुन्हा ताडून पाहिले. पिपेट चुकलं? बुडबुडा राहिला? तिने ब्युरेटची तोटी पाहिली, फ्लास्क उजेडात धरला. मग टाचा उंचावून वर बघितलं, तर दुसऱ्यांदा भरताना लावलेलं नरसाळं आपलं ऐटीत बसलेलं!

तिला फिस्सकन हसू आलं. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वळवल्या.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"दुसरं वाचन खोडते, मॅडम. नरसाळं वरच राहिलंय."

"मी केव्हाची बघतेय. म्हटलं, हिला दिसतंय की नाही!"

"आईला कळलं तर आज जेवायला वाढायची नाही."

आता मॅडमही हसल्या. "दोनच फ्लास्क उरलेत. दोन्ही जुळायला हवेत बरं का."

चिमणीने ब्युरेट पुन्हा भरली, नरसाळं उचललं आणि सवयीने बाजूला पुढे केलं. ताई तिथं नव्हती, मॅडम होत्या. चिमणीने जीभ चावली. पण मॅडमनी ते घेतलं आणि तसंच हातात धरून उभ्या राहिल्या.

तिसरं वाचन, अठरा पॉइंट चार.

चौथ्यासाठी भरून झालं आणि मॅडमनी स्वतःच हात पुढे केला, "आण इकडे." शेजारचे दोघेही आता आपलं काम टाकून जवळ आले होते. चिमणीने तोटी हलकेच फिरवली. थेंब, मग थेंब. फ्लास्कमधला लाल रंग जांभळा झाला. आणखी एक थेंब, आणि फ्लास्क निळाशार. तिने तोटी बंद केली, पातळी डोळ्यांच्या रेषेत घेतली.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"अठरा पॉइंट चार."