टेबलाखालची पाचर

हसू नका, पण मी एक पाचर बोलतेय. कुणी ठरल्या कामात खोडा घातला की तुम्ही म्हणता ना, ‘यानं मध्येच पाचर मारली’, तीच मी. म्हणा बापडे. सागाचा वीतभरही नसलेला तुकडा, एका टोकाला जाड नि दुसऱ्या टोकाला निमुळता.

वडसा गावातल्या आरामशीनवर चौकटी कापताना मी उरले. चुलीतच जायची, पण अग्निशमन दलातल्या सोमाजीभाऊंनी मला उचललं, पटाशीनं तासलं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून हेल्मेटला अडकवलं. चुलीतून वाचले ती आगीत जायला! याला म्हणतात नशीब.

पुढे कुलदीप नवा भरती झाला, तेव्हा भाऊंनी मला त्याच्या हाती दिलं.

“भाऊ, एवढा मोठा पंप हाय आपल्याजवळ, अन् हे काऊन?”

“पंप बाहेर राहते, तू आत राह्यशील. मांगं दार लागलं तं पाइप दबते. पानी बी बंद, अन् वापस याचा रस्ता बी बंद.”

कुलदीपनं मान डोलावली आणि थोड्याच दिवसांत मला चहाच्या टेबलाखाली सारलं. टेबलाचा एक पाय आखूड होता. वरून चहा ठिबकायचा, बूट लागायचे, आणि सगळे म्हणायचे, आता बरं झालं, टेबल हलत नाही. रोज लागत नाही त्या वस्तूची किंमत माणसाला कधी कळलीय?

मग हिवाळा आला, नाटकांचा हंगाम तोंडावर आला. एका दुपारी फोन वाजला. एका नाटक मंडळीच्या गोदामात तापलेली इस्त्री पडद्यावर राहिली होती आणि आग लागली होती. सगळे बाहेर पडले, पण मंडळीचे कपडे शिवणाऱ्या रंभाबाई पेटीतले पोशाख काढायला परत आत गेल्या होत्या.

सगळे गाडीकडे धावले. सोमाजीभाऊ मात्र टेबलाकडे वळले आणि त्यांनी मला उपसलं. कप खाली पडून फुटले.

“हे घे,” एवढंच ते कुलदीपला म्हणाले. त्यानं खाली मान घालून मला हेल्मेटला अडकवलं.

गोदामाचं दार विचित्र होतं. माकडं शिरू नयेत म्हणून मंडळीनं पडद्याची दोरी आणि वाळूची पिशवी बांधून ते आपोआप लागेल असं केलेलं. कुलदीप पाइप घेऊन आत शिरला आणि मागे दार धाडकन आपटलं. पाइप चेपला, पाण्याची धार सुतासारखी झाली. दोरी वर धुरात होती, तिला हात पोचत नव्हता. बाकीचे दुसरा पाइप घेऊन मागच्या बाजूला गेले होते, आणि भाऊंना पंप सोडता येत नव्हता.

कुलदीपनं दार ढकललं आणि हेल्मेटवरून मला काढलं.

“खाली नोको लावू, निसटन!” भाऊ बाहेरून ओरडले. “वरच्या बिजागरीपाशी ठोक!”

त्यानं मला दार आणि चौकटीच्या फटीत मुठीनं ठोकलं आणि तो गुडघ्यांवर रांगत धुरात गेला.

खरं सांगते, मी घाबरले. वाळूची पिशवी दाराला ओढत होती नि दार मला चावत होतं. आतून रंभाबाईंचं खोकणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. मला फक्त पाइप दिसत होता, आणि तो हलत नव्हता.

कडकन आवाज झाला. मला उभी चीर गेली, दार बोटभर सरकलं. मी मनात म्हटलं, आता नाही, थोडं थांब. माझं निमुळतं टोक तापून काळं पडत होतं.

पाइप हलला. त्याच्यावर एक हात ठेवून कुलदीप रांगत येत होता आणि दुसऱ्या हातानं रंभाबाईंना ओढत होता. ते दोघं उंबऱ्यापार झाले, तेव्हाही मी फटीतच होते.

बाहेर बऱ्याच वेळानं बाईंचे डोळे उघडले. “माहे कपडे?” त्या म्हणाल्या.

“तुमी वाचल्या ना बाई,” भाऊ म्हणाले. “कपडे पुन्हा शिवता येते.”

आता माझ्याच्यानं पुन्हा दार पेलणार नाही. कुलदीपनं दोन नव्या पाचरी केल्या आहेत, त्या त्याच्या हेल्मेटवरून हलत नाहीत. मी अग्निशमन केंद्रातल्या खिडकीत असते, तडकलेली, अर्धी काळी. माझी एवढीच विनंती आहे, कुठंही आत शिरताना मागे दार लागणार नाही याची सोय आधी करा.

परवा नव्यानं आलेला अजय चहा सांडला म्हणून वैतागला आणि त्यानं मला उचललं.

“ठेव तिले,” कुलदीप म्हणाला. “टेबल हालू दे.”