हौदावरचा फेस

दुपारी पाणी भरायला मी आणि शिंपीणवहिनी हौदावर गेलो, तर तिचा दीर फवारणीचा पंप थेट हौदात बुचकळून धूत होता. पाण्यावर पांढरा फेस आणि औषधाचा असा उग्र वास की डोळ्यांत पाणीच आलं.

वहिनीच्या हातातली घागर खाली आदळली.

"भावजी! अहो, परवा सभेत तुम्हीच हात वर करून बोललात ना, हौदात पंप धुणाऱ्याला गावात उभं करू नका म्हणून?"

मागं कुणीतरी असाच हौदात पंप धुतला होता, तेव्हा मेंढपाळाची दोन कोकरं त्या पाण्यानं गेली होती. त्याची नात आठवडाभर उलट्या करत होती. म्हणून तर सभा भरली होती.

दीर हसला. "ओढ्यापर्यंत कोण जाणार या उन्हात? घरातलं घरात ठेव, वहिनी."

चार वर्षांचा होता तेव्हापासून या दिराला पदरात घेऊन वाढवलं होतं तिनं. त्याचा पहिला सदरा तिनं शिवलेला. आम्ही रिकाम्या घागरी घेऊन परतलो.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर माणसं जमली आणि वहिनीनं उभं राहून सगळं सांगितलं. एकही शब्द गिळला नाही.

दीर शांतपणे उठला. "दिवसभर सुईत दोरा ओवून डोळे गेलेत हो तिचे. कुणाला तरी बघून मला बघितलं म्हणते. दुसऱ्या कुणी पाहिलं का?"

"ही होती की माझ्याबरोबर," वहिनी म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "सांग गं."

आमचं रान त्याच्याच ट्रॅक्टरनं नांगरून व्हायचं होतं. नवरा पलीकडून डोळे वटारून बसला होता. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"मी... मी मागं होते. नीट दिसलं नाही."

वहिनी माझ्याकडं बघतच राहिली. रागावली असती तरी बरं झालं असतं. मग चपला पायांत सरकवून ती निघून गेली. लोक पांगले. मेंढपाळ तेवढा एकटा बसून राहिला.

सकाळी उजाडता उजाडता बाहेर आले तर वहिनी हौदात गुडघाभर पाण्यात उभी. बादली भरायची, काठावर चढून लांब खड्ड्यात ओतायची, पुन्हा उतरायची. जाणारे-येणारे बघत होते, कुणी थांबत नव्हतं.

मी पदर खोचून जवळ गेले. हात पुढं केला.

"काल कुठं गेला होता हा हात?" तिनं विचारलं.

मी हात मागं घेतला नाही. तिनं भरलेली बादली काठावर ठेवली, माझ्याकडं न बघता.

"लांब नेऊन ओत. गुरं तोंड घालतील तिथं नको."

बादली जड होती. मी उचलली. समोरून तिचा दीर बैल घेऊन येत होता. आम्हाला हौद उपसताना बघून थबकला.

"काय चाललंय?" त्यानं मला विचारलं.

"काल तुम्ही पंप धुतलात ते पाणी काढतोय," मी म्हणाले. मोठ्यानं. चार माणसं ऐकत होती.