बाबांना ऐकू आलेला नाद

माझ्या बाबांचं मन शांत झालं. पूर्ण, कायमचं, तळापर्यंत. ज्यांना शेवट आधी वाचून घ्यायची सवय आहे त्यांनी आता पुस्तक मिटून आपापल्या कामाला लागावं.

बाकीच्यांनी असं धरून चालावं, की वरचं वाक्य मी लिहिलंच नाही. बाबांचं मन शांत वगैरे काही झालेलं नाही. ते अजून दाराशी उभे राहून कडी लागली आहे ना ते चाचपताहेत, आणि आई आतून ओरडते आहे, "अहो, कडी आहे ती. तिला कुठे जायचंय?"

बाबा गॅस कंपनीत गळती तपासायचे, म्हणजे त्यांना शंका घेण्याचा पगार होता. लोकांच्या स्वयंपाकघरात शिरायचं, नाक वर करायचं, नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडा आला की खूश व्हायचं. निवृत्तीनंतर पगार थांबला, शंका चालू राहिली. आम्ही सिनेमाला निघालो की बाबा अर्ध्या वाटेवरून परत जायचे. त्यामुळे आमच्या घरात कुणालाच कुठल्या सिनेमाची सुरुवात माहीत नाही.

त्यात आईची फुफ्फुसं गेली. म्हणजे एकदम नाही, हळूहळू, भाडेकरू घर सोडतात तशी. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी ऑक्सिजन लावावा लागेल. मी नेमका अशी मशीनं भाड्याने देणाऱ्या दुकानात दुरुस्तीचं काम करतो. ओळखीने काहीतरी मिळण्याची आमच्या घराण्यातली ही पहिलीच वेळ, आणि मिळालं काय, तर हे.

मशीन साधं असतं. खोलीतली हवा ओढतं, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीतून नाकाशी पोचवतं. दिवसभर घुर्र करत राहतं. विजेवर चालतं, म्हणून शेजारी एक भरलेला सिलिंडर ठेवायचा.

"हे बघा बाबा," मी म्हणालो, "वीज गेली की मशीन बंद पडणार. मग आतल्या छोट्या बॅटरीवर ते किंचाळणार. किंचाळलं की ही नळी इथून काढायची, सिलिंडरला लावायची आणि चावी डावीकडे फिरवायची."

"चावी तू मला शिकवतोस? तू रांगत होतास तेव्हापासून चाव्या फिरवतोय मी."

हे खरं होतं.

अडचण वेगळीच निघाली. बाबांना आता घरातल्या घरात नोकरी लागली होती. दर थोड्या वेळाने ते मशीन बघायचे, नळी बघायचे, सिलिंडरचा काटा बघायचे, मग वाकून आईचं नाक बघायचे. एकदा मी कामावरून आलो तर आईच्या गालाजवळ नळीच्या सांध्याला साबणाचा फेस लावलेला.

"दाढी करताय का तिची?" मी विचारलं.

"सांध्यातून जातोय असं वाटलं."

"अरे, याला बाहेर ने," आई म्हणाली. "म्हणजे यांना. माझा श्वास फुफ्फुसांमुळे अडत नाही, यांच्यामुळे अडतो. मी श्वास घेतला की हे मान डोलावतात, पास केल्यासारखे. नाही घेतला की उठून उभे राहतात. माणसाने झोपायचं कसं? कुठेतरी गुंतवा यांना. देवाकडे पाठवा. तात्पुरतं."

वरच्या मजल्यावर एक निवृत्त दंतवैद्य राहायचे. दवाखाना बंद केल्यावर त्याच खोलीत ते लोकांना जप आणि ध्यान शिकवायचे. ती आडवी होणारी खुर्ची अजून तिथेच होती, तिच्यावर आता देवाची तसबीर टेकवलेली. शिष्य सतरंजीवर आणि महाराज त्यांच्या जुन्या चाकांच्या स्टुलावर. "हलायचं नाही" हे वाक्य त्यांच्याइतकं अधिकाराने म्हणणारा गुरू मी पाहिलेला नाही. आई त्यांना दाढमहाराज म्हणायची.

पण माणूस खरा होता, हे मला कबूल केलं पाहिजे. पैसे घेत नव्हता, अंगारा देत नव्हता. बाबांना रामनाम दिलं, माळ दिली आणि म्हणाला, "मन नाम सोडून गेलं तर त्याच्यावर खेकसू नका. परत आणा. पुन्हा जाईल, पुन्हा आणा. लहान मुलाला पाणवठ्यावरून आणतो तसं, हाताला धरून. यात नापास होणं नसतं."

शंकेखोर माणसाला यात नापास होणं नसतं हे सांगणं म्हणजे काय, ते बाबांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते त्या वाक्यासाठीच जन्मभर थांबले असावेत.

"आणि एकदा बसलात की उठायचं नाही," दाढमहाराज पुढे म्हणाले. "मन फार हुशार असतं. ते कारणं आणेल. दूध उतू जातंय, दार वाजतंय, कुणीतरी हाक मारतंय. ते सगळं मनच. उठलात की ते जिंकलं."

बाबा आईच्या पलंगाशेजारी आसन घालून बसू लागले. बाहेर बसा म्हटलं तर नाही म्हणाले. तेवढी शंका त्यांनी शिल्लक ठेवली होती. पहिले काही दिवस एक डोळा उघडा असायचा. मग अर्धा. मग दोन्ही मिटले. मशीनची घुर्र त्यांच्या उपयोगाची झाली, त्या लयीवर नाम बसलं. आणि खोटं कशाला सांगू, चमत्कार झाला. कडी एकदाच लागू लागली. साबणाचं पाणी भांड्यांकडे परत गेलं. बाबा जेवताना जेवायचे. एकदा तर विनोद केला. कुणाला कळला नाही, पण केला.

आई त्यांच्याकडे बघत पडून राहायची. एका संध्याकाळी मला म्हणाली, "आज दिवसभरात यांनी एकदाही विचारलं नाही, कशी आहेस म्हणून. इतकं बरं वाटलं."

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

"म्हणजे," ती थोड्या वेळाने म्हणाली, "एखाद्या वेळी विचारलं तरी चाललं असतं."

ती गेली त्या दिवशी मी दुपारी घरी आलो. मशीन घुर्र करत होतं, पंखा फिरत होता, बाबा आसनावर बसले होते, चेहरा असा की आपण चपला वाजवल्या म्हणून लाजावं. आईला हात लावला तेव्हा कळलं. स्वयंपाकघरात ओव्हनवरचं घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकत होतं, तेही मी पाहिलं. पण अशा वेळी ओव्हनच्या घड्याळाचा अर्थ कोण लावतो? डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं इतकी खराब होती की आज ना उद्या हे व्हायचंच. झोपेत गेल्या. सगळे म्हणाले, भाग्यवान.

बाबा रडले, पण कोसळले नाहीत. आलेल्या लोकांना तेच धीर देत होते. दोन-तीन बायका आईसाठी आल्या आणि बाबांना नमस्कार करून गेल्या.

मग एक दिवस दाढमहाराज खाली आले. मी चहा टाकला. बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "एक सांगायचं होतं. सांगू की नको कळत नव्हतं. ती गेली, त्याच दिवशी मला नाद ऐकू आला."

"कसा?" दाढमहाराज पुढे सरकले. आतला, न वाजवता वाजणारा नाद. त्याबद्दल त्यांनीच शिष्यांना सांगितलं होतं.

"नाम चालू होतं. एकाएकी सगळे आवाज विरले. घुर्र नाही, पंखा नाही, काही नाही. अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती."

"बरोबर. आधी बाहेरचं विरतं."

"मग त्या शांततेतून एक सूर निघाला. बारीक, उंच, अखंड. कुठून येतो कळेना. मन म्हणालं, ऊठ, ऊठ. फार जोरात म्हणालं. तुम्ही सांगितलं होतं तसंच. मी उठलो नाही."

"उठला नाहीत," दाढमहाराज म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बराच वेळ होता तो. मग बारीक होत होत तोही विरला. काहीच उरलं नाही. नंतर कधीतरी घुर्र परत आली, पंखा आला, जग आलं. डोळे उघडले तर हा समोर उभा, तिच्या कपाळावर हात ठेवून."

"पायऱ्या अगदी क्रमाने आहेत," दाढमहाराज म्हणाले. "शास्त्रात आहे तशाच."

पायऱ्या क्रमाने होत्या. मी त्या रोज बघतो. वीज जाते, घुर्र थांबते. बॅटरीवर अलार्म सुरू होतो. बारीक, उंच, अखंड. बॅटरी संपत येते तसा तो बारीक होत जातो आणि विरतो. मग वीज येते. शास्त्र मी वाचलेलं नाही, पण हे सगळं आमच्या मशीनच्या माहितीपुस्तकात आहे, 'बिघाड आणि उपाय' या प्रकरणात. वीज येऊन गेल्यावर शून्यावर लुकलुकणारं ओव्हनचं घड्याळ तेवढं त्यात नाही.

"चहा उतू गेला रे," बाबा म्हणाले. खरोखरच गेला होता.

आता माझ्यासमोर एकच प्रश्न होता: सांगायचं की नाही. सांगितलं तर बाबांच्या हातात काय उरणार? बायको नाही, नाद नाही, आणि ज्या एका दिवशी आयुष्यात ते शंका न घेता बसले तो दिवस नेमका कोणता, हे कळलेलं. नाही सांगितलं तर मग ते माझ्याकडे राहणार. ते राहिलं. डोळे मिटले की मला पलंग दिसायचा. तिला श्वास नव्हता तर हाक कशी मारली असेल? हात तरी हलवला असेल का? तो त्यांच्या खांद्यापर्यंत पोचत होता का? मी पलंग आणि आसन यांच्यातलं अंतर डोळ्यांनी मोजायचो, मग कामाला जायचो.

"तुझं मन थाऱ्यावर नाही," बाबा म्हणाले. "बस माझ्याबरोबर."

बसलो. त्यांनी माझ्या हातात माळ दिली. रामनाम घेतलं की मागोमाग अलार्म. मन हाताला धरून परत आणलं की ते येताना पलंग घेऊन यायचं. थोड्या वेळाने मी उठलो.

"उठायचं नसतं," बाबा प्रेमाने म्हणाले.

"तुम्ही उठा ना कधीतरी," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते फार जोरात गेलं. बाबा हसले. मोठ्या माणसांनी हसावं तसे.

पण नाद पुन्हा आला नाही. मशीन मी दुकानात परत नेलं होतं आणि घुर्रशिवाय नामही बसेना. हळूहळू कडी परत आली. एकदा, मग दोनदा, मग येता-जाता. एक दिवस बाबा दुकानात हजर.

"ते मशीन थोडे दिवस परत दे," ते म्हणाले. "नुसतं चालू ठेवायला. त्या आवाजावर मला बसता येत होतं."

"बाबा, पेशंट थांबलेत मशीनसाठी."

"मी पण थांबलोय की."

आमच्याकडे एक नियम आहे. दुरुस्त झालेलं मशीन बाहेर जाण्याआधी चालू असताना त्याची पिन उपटायची आणि ते ओरडतं की नाही ते पाहायचं. ते काम मालक स्वतः करतात. जगावर त्यांचा फारसा विश्वास नाही. मी बाबांना बाहेर न्यायला उठलो, तेवढ्यात मालकांनी आतल्या टेबलावर पिन उपटली.

घुर्र थांबली. मग ते सुरू झालं.

बाबा जागच्या जागी थांबले. डोळे मिटले. चेहरा असा उजळला की मी तो पुन्हा बघू शकणार नाही. "ऐकलंस?" ते पुटपुटले. "इथेसुद्धा."

"काका, तो तर आपला अला—" मालक आतून म्हणाले.

"कसला आवाज?" मी ओरडलो. "मालक, तुम्हाला ऐकू येतोय काही? मला तर काहीच येत नाहीये."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. ते कुणाच्या भानगडीत पडत नाहीत, म्हणून तर त्यांचं दुकान चालतं. "नाही बुवा," ते म्हणाले आणि त्या किंचाळणाऱ्या मशीनवर हात ठेवून उभे राहिले.

बाबांचे डोळे मिटलेलेच होते. ओठ नाम घेत होते. गालांवर पाणी आलं होतं. आणि त्यांचा उजवा हात हळूच वर आला, त्याने हवेत काहीतरी धरलं, आणि डावीकडे फिरवलं. थांबला. पुन्हा फिरवलं. पुन्हा. जन्मभर चाव्या फिरवलेला हात.

मालकांनी पिन परत लावली.

हात तसाच हवेत राहिला. बाबांनी डोळे उघडले, त्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो नीट खिशात घातला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

"चल, येतो," ते म्हणाले. "मशीन नको. पेशंटला दे."

त्या दिवसापासून बाबा शांत आहेत. कडी बघत नाहीत. माळ दाढमहाराजांना परत दिली. त्यांनी ती डोळ्यांना लावली आणि सगळ्यांना सांगितलं, यांना आता साधनाची गरज उरली नाही. बाबा खिडकीशी बसतात. काही विचारलं तर उत्तर देतात, नाही विचारलं तर नाही. हाताला कळलं होतं एवढं मी पाहिलं. बाबांना कळलं का, हे मी विचारलेलं नाही, आणि तेही मला, मी त्या दिवशी खरंच काही ऐकलं नव्हतं का, हे विचारत नाहीत.

मी मात्र दिवसभर पिना उपटतो. मालकांनी ते काम आता माझ्याकडे दिलं आहे. त्यातूनच मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागाला पुढील अर्ज करत आहे:

महोदय, आपल्या मशीनचा अलार्म तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असून त्याबद्दल तक्रार नाही. तथापि त्याचा सूर बारीक, उंच व अखंड असल्याने त्यात ईश्वर आढळण्याचा संभव आहे. तरी यापुढील सर्व मशीनमध्ये सदर सूर रद्द करून त्याऐवजी एका वयस्क, चिडक्या, दम लागलेल्या बाईचा आवाज बसवावा, आणि तो "अहो, उठा आता, पुरे झालं" एवढंच म्हणेल अशी व्यवस्था व्हावी, ही विनंती. नमुन्यादाखल आवाज सोबत जोडता आलेला नाही. तो आपल्याकडूनच मिळावा.