‘जायचंय’ ऐकणारी खाट

मित्रांनो, जवळ या, चावत न्हाय मी. मी एक जुनी लोखंडी खाट हाय. निजामपुऱ्यातल्या एका वेल्डिंगवाल्यानं मला घडवलं आणि भिवंडीतल्या एका लहान दवाखान्यात, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात, सात नंबरला उभं केलं. पांढरा रंग असा की सिस्टर म्हणायच्या, "सात नंबर म्हणजे नवी नवरी."

सिस्टरांचं टेबल माझ्या शेजारी, म्हणून जास्त आजारी माणूस माझ्यावरच यायचं. आता जास्त आजारी माणसं जास्त मरतात, ह्यात माझा काय दोष? पण नाव पडलं, "सात नंबर माणूस खाते."

खात न्हाय हो मी. मला फक्त आधी कळायचं. जगणारा माणूस झोपेतसुद्धा खाटेला धरून असतो. जाणारा धरत न्हाय. वजन तेवढंच, पण पकड सुटलेली. मला कळायचं, पण तोंड न्हाय म्हणून मी गप्प.

वॉर्डात कमळा नावाची आयाबाई होती. जीभ तिखट, हात मऊ. २००४ साली गणेशपुरीकडचे चिंधूबाबा माझ्यावर आले. चार दिवस अन्नाला शिवले न्हाय. पाचव्या दिवशी सकाळी उठून बसले, सुकट-भाकर मागितली. कमळेला म्हणाले, "तुझा नवरा तुझ्यापुढं टिकला कसा गं?" कमळा खूश. त्यांच्या लेकाला म्हणाली, "बाबा बरा झाला. जा तू, भाताची लावणी उरकून ये." लेक गेला.

दुपारी बाबा म्हणाले, "जायचंय."

आता वॉर्डात 'जायचंय' म्हणजे एकच. कमळेनं संडासाचं भांडं आणलं. बाबांनी ते बाजूला सारलं. "तिकडं न्हाय गं." ती भांडं ठेवून परत आली तोवर बाबा गेले होते. डोळे दाराकडं.

लेक आला तो चिखलाच्या पायांनी. ओरडला न्हाय. एवढंच म्हणाला, "मावशी, तुम्हीच जा म्हणालात ना."

तेव्हापासून कमळा माझी चादर बदलायची ती दुसरीकडं बघत.

पुढं ठाण्याहून उन्नती मॅडम आल्या. सगळ्या आया, सिस्टर, वॉर्डबॉय माझ्याभोवती गोळा केले आणि शिकवायला लागल्या, म्हातारं माणूस जायला टेकलं ते कसं ओळखायचं. पाय गार पडतात, गुडघ्यावर जांभळे डाग येतात. श्वास थांबून थांबून येतो. बोटं चादर चिमटत राहतात. माणूस प्रवासाच्या गोष्टी बोलतं. "आणि कधी कधी एकदम टवटवीत होतं. विझायच्या आधी दिवा मोठा होतो ना, तसं."

कमळा फिस्कारली. "मॅडम, मरण ओळखून काय करायचं? आम्ही काय यमाचे पोस्टमन?"

सगळे हसले. मॅडम हसल्या न्हाय. "मरण थांबवायला नाही शिकवत, मावशी. घरच्या माणसाला वेळेत बोलवायला शिकवतेय."

कमळेचा आवाज एकदम खाली आला. "आणि आपलं चुकलं तर?"

"तर लेकाची एक फेरी फुकट गेली. बस."

दोन महिन्यांनी काल्हेरची पुतळाबाई माझ्यावर आली. सहा दिवस नुसती पडून. सातव्या सकाळी उठली, चहा प्याली, स्वतःच्या हातानं वेणी घातली. डॉक्टरांनी कागदावर 'सुधारणा' लिहिलं. तिचा लेक केसरीनाथ हसत गोडाऊनवर ड्युटीला गेला.

दुपारी लाइट गेली. कापडाच्या लूमची खटखट बंद पडली की भिवंडी मेल्यासारखी होते. त्या शांततेत कमळेला पुतळाबाईचा श्वास ऐकू आला. मग ऐकू येईना. कमळा मोजायला लागली. पंधरापर्यंत पोचली, तेव्हा तो परत आला. बोटं चादर चिमटत होती.

"मना जायचंय," पुतळाबाई म्हणाली.

सवयीनं कमळेचा हात भांड्याकडं गेला. थांबला. "कुठं जायचंय, आजी?"

"पल्याड. आमचं मालक न्यायला आलंत. तू सरक ना, त्यांना बसू दे."

तिचा नवरा जाऊन वर्षं झालेली. माझ्या पायथ्याशी कोणी नव्हतं. पण मी लोखंडाची, खोटं कशाला बोलू? तिथं कोणीतरी बसलं. माझी पट्टी वाकली, करकरली. कमळेनं ती करकर ऐकली. तिच्या अंगावर काटा आला, तरी ती पळाली न्हाय. रिकाम्या पायथ्याकडं बघून म्हणाली, "बसा भाऊ. पण लेक येईस्तोवर न्यायचं न्हाय."

मग टेबलावरचा फोन उचलला. "केसरीभाऊ, निघ."

"मावशी, सकाळी तर आये चांगली होती!"

"म्हणूनच निघ."

अर्ध्या तासात तो आला, घामानं भिजलेला. पुतळाबाईनं डोळे उघडले. "आलास? जेवलास?"

"जेवलो, आये." खोटं बोलला.

कमळेनं चमचा त्याच्या हातात दिला. "पाणी तू घाल." पहिला चमचा गेला. दुसरा ओठांवरून ओघळला. तिची पकड सुटली आणि त्याच क्षणी पायथ्याची पट्टी सरळ झाली. दोघं एकदमच उठले.

आता मी दवाखान्याच्या मागं, तुम्ही क्रिकेट खेळता तिथं, गंजत पडलेय. माझं काय, भंगार ते भंगार. पण मित्रांनो, तुमच्या घरी आजारी म्हातारं माणूस एकाएकी "आज बरं वाटतंय" म्हणालं, तर बॅट ठेवा आणि त्याचा हात धरून बसा. कोणी न्यायला आलेलं असलं, तर निदान तुम्ही जवळ असाल. आणि खरंच बरं झालेलं असलं, तर तुमचं काय गेलं? दोन गोष्टी फुकटात ऐकायला मिळतील.