आत्याबाईचं हूं

वेल्डरने पहार फिरवली आणि पहिला घाव घातला तो आत्याबाईच्या उजव्या डोळ्यावर. दिव्याची काच खळकन फुटून अंगणात सांडली.

"उतर खाली," तो म्हणाला. हे आक्काला नव्हतं, तिच्या शेजारी बसलेल्या धाकटीला होतं. धाकटी म्हणजे त्याची बायको, आक्काची पाठची बहीण. तिचा डावा हात मनगटाशी भलतीकडेच वळला होता. टॉवेलात गुंडाळून तो तिने मांडीवर धरला होता. कारण विचाराल तर चहा गार होता, एवढंच. गेल्या खेपेला बरगडी, त्याआधी दात. दर वेळी आक्का न्यायला यायची आणि दर वेळी धाकटी दारातच म्हणायची, राहू दे गं, सुधारेल. सुधारतोय कसला डोंबल? कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. आज मात्र ती मुकाट्याने गाडीत येऊन बसली होती. आज नेली नाही तर पुढच्या खेपेला न्यायला काही उरणार नाही, हे आक्काला स्वच्छ दिसत होतं.

आणि सगळा भरवसा कोणावर, तर आत्याबाईवर.

आत्याबाई ही गाडी. वडिलांनी जुनीच घेतलेली, हातभर जास्तच लांब, आत चामड्याच्या गाद्या आणि क्लचचा पत्ता नाही, गिअर तिचे तीच बदलायची. काहीही सांगा, आधी ताटकळत ठेवायची, मग पोटातून 'हूं' करायची आणि मगच जागची हलायची, म्हणून घरात तिला आत्याबाई म्हणत. मागे घेताना तर तिचा तोरा विचारूच नका. दांडी मागच्या खुणेवर ओढायची आणि गिअरबॉक्सात तेल चढेपर्यंत गप्प बसायचं. बुडाखाली मऊ धक्का बसला की ते हूं. त्याआधी ॲक्सिलरेटरवर पाय दिलास तर आतले पट्टे जळतील, मग जन्मात मागे जायची नाही, असं वडील बजावायचे. एखादा मेकॅनिक वैतागून म्हणायचा, हिला क्लच असता तर बरं झालं असतं. त्यावर वडिलांचं ठरलेलं उत्तर, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." वडील गेले आणि आक्का ती गाडी समारंभांना भाड्याने चालवू लागली. गिअरबॉक्सातलं लाल तेल ती स्वतः बदलायची, पांढऱ्या फडक्यावर थेंब घेऊन जळका वास येतो का ते हुंगायची. नवऱ्याची केली नसती इतकी सेवा केली, आणि नवरा काही केलाच नाही.

अंगण अरुंद. पुढे वर्कशॉपची भिंत, दोन्ही बाजूंना लोखंडाचे ढीग, मागे फाटक. जायचं तर मागेच, आणि धाकटीला उठवून आणेपर्यंत गाडी पार गार झालेली, म्हणजे हूं उशिराच येणार. आक्काने किल्ली फिरवली, ब्रेक दाबून दांडी ओढली आणि थांबली.

पहार समोरच्या काचेवर बसली. मग टपावर, पुन्हा टपावर. पुढच्या घावाला आक्काच्या बाजूची काच फुटून तिच्या मांडीत आली आणि पाठोपाठ वेल्डरचा हात. त्याने तिचे केस मुठीत धरून डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं.

"पाय दे, आक्का," धाकटी म्हणाली.

"हूं नाही आलं अजून."

"अगं, मारून टाकेल तो तुला."

आक्काने ब्रेकवरचा पाय उचलला नाही. केसातला हात तोंडाशी आला तसा तिने त्याचा अंगठा दातात धरला आणि हाड लागेपर्यंत चावली. वेल्डर गुरासारखा ओरडला. हात सोडवून मागे सरला, रक्त पँटीला पुसलं आणि अगदी सावकाश चालत गाडीच्या मागे गेला. फाटक लोटून त्याला पाठ लावून उभा राहिला.

"घाल अंगावर," तो म्हणाला. "कर बहिणीला विधवा."

तेवढ्यात बुडाखाली मऊ धक्का बसला. आत्याबाई हूं म्हणाली होती.

आता फक्त पाय द्यायचा होता. आक्काने दिला नाही. तिने धाकटीकडे पाहिलं. या माणसाशी लग्न ठरलं तेव्हा धाकटीला कोणी विचारलंच नव्हतं. गप्प आहे म्हणजे कबूल आहे, असं धरून सगळे मोकळे झाले होते, गाडीच्या हूंसाठी थांबणारे वडीलसुद्धा. आक्कालाही तेव्हा सुचलं नव्हतं. त्याची आज तिला इतकी लाज वाटली की डोक्याची कळ विसरायला झाली.

"काय करू?" तिने विचारलं.

धाकटीने आरशात पाहिलं. वेल्डर मागची काच फोडायला पहार वर उचलत होता. हसतही होता. तिने मोडका हात मांडीवर नीट घेतला.

"हूं," ती म्हणाली.

आक्काने ब्रेक सोडला आणि पाय पुरता खाली दाबला. आत्याबाई डरकाळी फोडून मागे गेली. आधी माणूस, मग फाटक, असा एकामागून एक आवाज झाला. मागचं चाक चढलं आणि उतरलं, मग पुढचं. फाटकाचा पत्रा फरफटत गाडी रस्त्यावर आली. तडकलेल्या काचेतून तो समोर दिसत होता. दोन्ही पाय गुडघ्याखाली चेचलेले, आणि एक हात अजून पहारीकडे सरकत होता.

"अगं ए," तो म्हणाला. लग्नापासून तो तिला अशीच हाक मारायचा.

धाकटीने ओ दिली नाही. आक्काने चाक दवाखान्याच्या बाजूला वळवलं, गाडी पूर्ण थांबवली, दांडी पुढच्या खुणेवर आणली आणि ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिली.

"आता कशाला थांबलीस?"

"पुढे जायचंही हूं असतं तिचं," आक्का म्हणाली. "येऊ दे."